मी हौसाला सांगितलं होतं

हे मी कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या पोरींना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तिथंही मी दुसरंच काहीबाही पुटपुटायचे आणि उठायचे. तुला सांगतेय, कारण तू मध्येच माझ्या तोंडावर हात ठेवणार नाहीस. घरची माणसं ठेवतील. त्यांना त्यांची आई चांगली हवी असते.

आणि आधीच बजावते — म्हातारी आता रडेल, पदर डोळ्याला लावेल, असं वाटत असेल तर इथूनच माघारी जा. मी रडणार नाही. मला हौसा तेव्हाही आवडत नव्हती, आणि आज ती मातीआड गेल्यावरही आवडत नाही. हे अगोदर सांगितलेलं बरं. नाहीतर तू भलतंच समजशील.

हौसा म्हणजे माझी धाकटी जाऊ.

कराडच्या खाली कृष्णेच्या काठाला आमचं गाव. नाव लिहीत नाही. आमची माणसं अजून तिथं नांदतात. गाव मोठं — बाजार होता, शाळा होती, म्युनिसिपालिटी होती. नदीचं पाणी इंजिनानं टाकीत चढवायचे आणि तिथून ते नळानं गावात यायचं. माझा नवरा म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात फिटर. त्यामुळं आमच्या आळीत घरगुती नळ पहिला आला तो आमच्या अंगणात. बाकीच्या बाया कोपऱ्यावरच्या सरकारी नळावर भांडत उभ्या राहायच्या. आम्ही घरातच भांडायचो.

घर एक, चुली दोन, मधे अंगण. सासूबाई — त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो — माझ्या चुलीवर जेवायच्या. धाकटा दीर मारुती पलटणीत होता. लढाई चालू होती तोवर तो कुठं कुठं होता — आफ्रिका म्हणे, इटली म्हणे — आम्हाला काय कळणार? पलीकडच्या चुलीवर हौसा एकटी रांधायची, एकटी जेवायची आणि त्याची वाट बघायची.

ती मिरजेच्या पलीकडची, कानडी मुलखाच्या शिवेवरची. सपाट काळ्या रानात वाढलेली, खणखणीत आवाजाची. मी जावळीकडची, डोंगरातली. नाचणीच्या भाकरीवर मोठी झालेली. बायका जमल्या की हौसा माझी नक्कल करायची. मी बोलताना शब्द कसे ओढते, सपाट रस्त्यानंही चढण चढल्यासारखी पुढं वाकून कशी चालते. बायका हसायच्या. मीही हसायचे. न हसून सांगणार कुणाला?

नक्कल मी गिळली असती. नळाचं मात्र गिळता आलं नाही.

मी घागर भरून वळले, की हौसा चुलीतली राख मुठीत घेऊन यायची आणि नळाची तोटी घासायची. रोज. मी माझ्या उंबऱ्यापर्यंत पोचलेली नसायचे तोवर मागं खसाखसा आवाज सुरू. मग पाणी सोडून राख धुवायची आणि मग आपली घागर लावायची. माझ्या हाताचा तिला विटाळ होता का? मी कधी विचारलं नाही. आत्याबाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आवं, पितळ हाय. काळं पडतंय. घासाया नगं?"

पितळ काळं पडतं, हे खरंच. पण ते माझ्यानंतरच काळं पडायचं का?

तेव्हापासून आमचा अबोला. अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. एकमेकींना ऐकू जाईल अशा आवाजात कोंबड्यांशी बोलायचं, भिंतीशी बोलायचं, माझ्या पोरींशी बोलायचं. त्यात आम्ही दोघी तरबेज झालो होतो.

बघ — हे सगळं सांगून मी तुला माझ्या बाजूला ओढतेय. आधी दुसरीचं वाईट सांगायचं, मग आपलं हळूच पुढं सरकवायचं. जन्मभर हेच केलं. तेव्हा राखेचं सोड. राखेनं तोटी घासली म्हणून कुणी कुणाचं — नाही. अजून तिथं आले नाही मी.

लढाई संपली आणि मारुती घरी आला. वाळला होता, कमी बोलायचा. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो कोवळ्या लिंबासारखा हिरवागार पोरगा होता. त्याच्या डोक्याला तेल मी चोळलंय, त्याच्या सदऱ्याला गुंड्या मी लावल्यात. मला 'वैनी' म्हणायचा, आणि तो शब्द त्याच्या तोंडी गोड वाटायचा. येताना त्यानं आम्हा दोघींना एकसारखे इनॅमलचे मग आणले होते. एक डावा नाही, एक उजवा नाही. आमच्यात काय चाललंय हे त्याला दिसत होतं. दोन्हीकडं जेवायचा, दोन्हीकडं 'झकास झालंय' म्हणायचा. त्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. हे मी पुन्हा एकदा लिहिते. त्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं.

पावसाळा मध्यावर आला होता. नदी तांबडी होऊन वाहत होती, आणि नळालाही कधी कधी चहासारखं पाणी येई. आम्ही तुरटी फिरवायचो, गाळ खाली बसला की वरचं ओतून घ्यायचो. पाणी स्वच्छ दिसलं की झालं, एवढीच आमची अक्कल.

एका दुपारी नवरा अवेळी घरी आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तारवटलेले. उंबऱ्याच्या आतसुद्धा आला नाही.

"नळाचं पानी पिऊ नगंस," म्हणाला. "पोरींना देऊ नगंस. ओढ्यातला मोठा पाईप तडकलाय. वरची सारी घाण त्यात शिरतीया. खालच्या आळीत ढाळवांती सुरू झालीया."

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "पटकी?" मी विचारलं.

"तसंच दिसतंय. पानी खळाखळा उकळायचं. नुसतं कोमट न्हवं, चांगली उकळी फुटू दे. मग गाळून झाकून ठेव. त्यात कुणी हात बुडवू नगा, ओगराळ्यानं घ्या. भांडी धुवायची ती बी त्याच पाण्यानं."

"आवं, मग दवंडी?"

"सायेब म्हनत्यात, आधी पाईप बघू, उगं लोक बिथरत्याल." तो थुंकला. "हौसाच्या दाराला कडी हाय. नदीवं गेली असंल. आली की लगीच सांग. मारुतीला बी सांग. इसरशील."

"न्हाई इसरत," मी म्हणाले.

विसरले नाहीच मी. हे लक्षात ठेव. पुढं मला कुणी विचारलं असतं, की बाई, घाईगर्दीत विसरलीस का — तर मला सुटायला वाट होती. कुणी विचारलं नाही, आणि मी विसरलेही नव्हते.

भाकरी फडक्यात बांधून घेऊन तो तसाच परत गेला. मी तांब्याचा हंडा चुलीवर चढवला. लाकडं ओली, धूर घरभर. पोरींना दटावून बसवलं — घोटभरसुद्धा प्यायचं नाही. पाण्याला उकळी फुटायला किती वेळ लागतो, हे तहानलेलं मूल समोर बसलं की कळतं.

तेवढ्यात हौसा धुण्याची बादली घेऊन आली. बादली ठेवली, आत जाऊन घागर आणली. मी दारात आले. शब्द ओठावर होते, अगदी तोंडाच्या कडेला. 'हौसा, पाणी भरू नगंस.' एवढंच तर म्हणायचं होतं. त्यात नमतं घेणंही नव्हतं. अबोला मोडला असता तर मोडला असता.

तिनं माझ्या घरातला धूर बघितला, चुलीवरचा मोठा हंडा बघितला. मग कोंबड्यांकडं वळून म्हणाली, "काय बाई थाट! भर दुपारी न्हाणं निघालंय डोंगरच्या राणीचं."

आणि राख घेऊन तोटी घासायला बसली.

मी तोंड मिटलं. मनात काय म्हणाले सांगू? म्हणाले — घास. चांगली घास, बाई. घागर भर आणि पी.

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. तिनं घागर भरली, कमरेवर घेतली, माझ्यापासून चार पावलांवरून गेली. मी बघत उभी राहिले.

मला काय हवं होतं? स्वतःला मी तेव्हा सांगितलं, की तिचं पोट बिघडावं. दोन दिवस लोटा घेऊन पळावं, तो खणखणीत आवाज जरा बसावा, बायकांनी नाकाला पदर लावावा. इतकंच. पण पटकी म्हणजे पोट बिघडणं नव्हे, हे मला ठाऊक नव्हतं काय? माझ्या माहेरी शेजारचं अख्खं घर पटकीनं बसलेलं मी पाहिलं होतं. दारात गाडी उभी राहायची आणि एकेकाला उचलून न्यायची. मला ठाऊक होतं. माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असलेली बाई त्या आळीत नव्हती.

थोड्या वेळानं आत्याबाई बारशाहून आल्या. त्यांना मी सगळं सांगितलं — पाईप फुटलाय, उकळलेलंच प्या, त्या हंड्यातलं घ्या. त्या मटकन खाली बसल्या, आणि पहिलं विचारलं ते हेच: "हौसाला सांगितलंस?"

आणि मी म्हणाले, "व्हय, सांगितलं की."

असं सहज. हंड्यावर झाकण ठेवता ठेवता. नाही म्हटलं असतं तर म्हातारी उठून अंगण ओलांडून गेली असती आणि सांगून आली असती. तिनं जाऊ नये म्हणून मी व्हय म्हणाले. माझ्यानं सांगवेना, हे एक झालं. पण दुसऱ्यालाही मी सांगू दिलं नाही. या दोन गोष्टी निराळ्या आहेत ना? मला तरी निराळ्या वाटतात.

दिवेलागणीच्या आधी मारुती बाहेरून आला. घामाघूम झालेला. आपल्या दारातल्या घागरीतून तो इनॅमलचा मग भरून घेतला आणि अंगणात उभ्यानं घटाघटा प्यायला. मी समोर तांदूळ निवडत होते. त्यानं तोंड पुसलं, आणि मला हसून म्हणाला, "वैनी, तिकडं डबक्यातलं पानी पिलो आमी. गोळी टाकायची आन् प्यायचं. त्या गोळीचा वास अजून नाकातनं जात न्हाई बघा. घरचं पानी म्हंजी अमृत."

तुला वाटेल, इथं तरी माझी जीभ हलली असेल.

मी म्हणाले, "व्हय."

त्याला सांगितलं तर तो आत जाऊन तिला सांगणार. मग ती बाहेर येऊन विचारणार — मला दुपारीच का न्हाई सांगितलं? मग आत्याबाई म्हणणार — तू तर सांगितलं म्हणालीस. एका खोट्यावर पांघरूण घालायला मी त्याला दुसरा मग भरू दिला. तो दुसऱ्यांदा प्यायला, हे मी पाहिलं.

दुसरा अख्खा दिवस माझ्या हातात होता. नवरा ओढ्यातच अडकलेला, घरी फिरकला नाही. हौसानं सकाळी पाणी भरलं, संध्याकाळी भरलं. दोन्ही वेळा तोटी घासली. दोन्ही वेळा मी घरात होते. दर वेळी सांगणं आणखी अवघड होत गेलं, कारण दर वेळी आधीच्या वेळचा जाब द्यावा लागणार होता. मी पोरींना उकळलेलं पाणी पाजत होते, भाकरीचं पीठ उकळलेल्या पाण्यात मळत होते, पोरींचे हात राखेनं धुवून घेत होते. माझ्या घरात मी एवढी जपत होते, की बघणाऱ्यानं कौतुक करावं.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला दारावर थापा पडल्या. "आक्का! आक्का, दार उघडा!" हौसा. मला 'आक्का' म्हणून हाक मारलेली मी किती महिन्यांनी ऐकत होते! दार उघडलं. तिच्या लुगड्यावर ओकारी होती, केस सुटलेले. "त्यांस्नी बघा आक्का, त्यांस्नी काय झालंय बघा."

मारुती घोंगडीवर आडवा होता. तांदळाच्या धुवणासारखं पाणी वाहत होतं, थांबत नव्हतं. डोळे खोल गेलेले, हातापायात पेटके. लढाईत गोळी लागली नाही त्याला. मी त्याचे पाय चोळत बसले. ते मी केलं. चोळताना मला त्याच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून मी पायांकडं बघत होते.

सरकारी दवाखान्याचा डॉक्टर आला तो धावतपळत, कारण तोवर गावात घरोघर हेच चाललं होतं. त्यानं सुई टोचली, सलाईन मागवतो म्हणाला, आणि पुढच्या घरी गेला. त्याच सुमाराला आळीच्या तोंडाशी ढोल वाजला. दवंडी. नळाचं पाणी उकळून प्यावं होऽ. कच्ची भाजी, उघड्यावरचं गोडधोड खाऊ नये होऽ. विहिरीत लाल औषध टाकलंय, विहिरीचं पाणी लाल दिसलं तर भिऊ नये होऽ. आत मारुती पाणी मागत होता, बाहेर तो गडी ओरडत होता.

हौसा त्या आवाजाकडं कान देऊन ऐकत होती. मग तिनं तिच्या घागरीकडं पाहिलं.

दुपारी तिलाही सुरू झालं. नवरा आला तेव्हा दोघं शेजारी शेजारी पडलेली, दारात आळीतल्या बाया, आत्याबाई भिंतीला टेकून. त्यानं भावाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं वळला.

"तू सांगितलं न्हवतंस?"

एवढंच विचारलं त्यानं. खोली गच्च भरलेली. तुझ्याशी खोटं बोलत नाही — माझ्या मनात क्षणभरही चलबिचल झाली नाही. उत्तर तयार होतं, परवापासून तयार होतं.

"सांगितलं की! दोनदा सांगितलं. ती माझं ऐकतीय व्हय?"

आणि आत्याबाई म्हणाल्या, "मला तवाच म्हनाली हुती ही. सांगितलं म्हून."

खाली हौसानं मान हलवली. आवाज उरला नव्हता तिला. "न्हाई," म्हणाली. "मला न्हाई सांगितलं. आक्कांनी मला न्हाई सांगितलं." ओठ कोरडे, शब्द तुटत होते, पण सगळ्यांनी ऐकलं. कुणीही खरं मानलं नाही. का मानतील? आमचं वैर आळीला पाठ होतं. ती हट्टी, ती तोंडाळ, ती माझी नक्कल करणारी. तिनं माझ्या सांगण्यावर नाक मुरडलं असणार, हे कुणालाही पटावं असंच होतं. मला काही रचावं लागलं नाही. हौसानंच जन्मभर माझ्यासाठी साक्ष तयार करून ठेवली होती.

मारुती त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत गेला.

हौसा जगली. मी जगवली. उकळलेलं पाणी, पेजेचं निवळ, चिमूटभर मीठ — चमच्या-चमच्यानं मी तिच्या तोंडात घालत होते. ती माझ्याकडं टक लावून बघायची, तोंड मिटून घ्यायची, पण तहान मोठी होती. शेवटी गिळायची. लोकांनी हेही माझ्याच पदरात टाकलं. बघा, म्हणे, एवढं होऊनही थोरली तिचं हागणं-मुतणं काढतीया.

साथ ओसरेपर्यंत आळीतल्या बाया मला विचारायला यायच्या. पाणी किती उकळायचं? फडक्यानं गाळलं तर भागतं का? मी सांगायचे — फडक्यानं गाळ जातो, रोग जात नाही. उकळी फुटलीच पाहिजे. घागरीत पेला बुडवू नका. दुधात नळाचं पाणी घालू नका. आजाऱ्याचे कपडे नळापाशी धुऊ नका, लांब नेऊन उकळत्या पाण्यात टाका. सगळं बरोबर सांगायचे. माझ्या सांगण्यानं त्या आळीत काही जीव वाचले असतील. आणि प्रत्येक बाई जाताना म्हणायची, हौसानं ऐकलं असतं तर! मी मान खाली घालायचे. त्यांना वाटायचं, दुःखानं.

आत्याबाईंनी हौसाशी बोलणं टाकलं. एकदाच बोलल्या त्या — "लढाईनं दिला हुता माघारी, तू खाल्लास." हौसाच्या कपाळावर कुंकू नाही, गळ्यात मणी नाही, आणि वर हे. तिचं मूलबाळ नव्हतं. मारुती परत येऊन दिवस ते किती झालेले? तिला घरात ठेवायला कुणाला कारण उरलं नाही. तिचा भाऊ गाडी घेऊन आला.

निघायच्या आधी ती माझ्याकडं आली. मी पाटा धूत होते. ती समोर खाली बसली, माझ्या डोळ्यांत बघत. आवाज अगदी हळू.

"आक्का, एकदा म्हना. न्हाई सांगितलं म्हून. मला एकटीलाच म्हना. मी कुनाला सांगनार न्हाई. देवाशपथ. मी जातीया. फकस्त मला कळू द्या, की मी येडी न्हाई."

बाहेर गाडीचे बैल मान हलवत होते. आत्याबाई आतल्या खोलीत होत्या. हळू बोलले असते तर त्यांना ऐकू गेलं नसतं. हौसानं काही मागितलं नव्हतं, फक्त दोन शब्द, आणि तेही गुपचूप.

मी मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या सांगितलं हुतं, हौसा. तूच ऐकलं न्हाईस."

ती उठली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाली, "तुमी सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं, आक्का." आणि गाडीत जाऊन बसली.

ऐकलं असतं? कुणास ठाऊक. कदाचित मला टोमणा मारला असता आणि आत जाऊन गुपचूप पाणी उकळलं असतं. तशीच होती ती. मला वाटतं, उकळलंच असतं.

नवऱ्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर माझ्याकरवी तो कुणाला निरोप धाडत नसे. साधा निरोप असला तरी — शेजारच्याला बाजाराला बोलवायचं असलं तरी — स्वतः चपला घालून जायचा. आम्ही पुढं उभा जन्म संसार केला. तो चांगला माणूस होता. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे मी त्याच्या शेवटच्या आजारातही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

काही वर्षांनी, इंग्रज जाऊन बरेच दिवस झाले होते तेव्हा, सांगलीला नात्यातलं एक लग्न निघालं. मांडवाच्या मागल्या अंगाला विधवा बाया बसल्या होत्या, गहू पाखडत, भाजी चिरत. त्यांच्यात हौसा होती. मी ओळखलं नाही आधी. केस पांढरे झाले होते. तिचं वय तरी काय होतं? आवाज मात्र कानावर आला आणि मी थबकले — तो खणखणीत आवाज आता कुणालातरी बजावत होता, की मांडवातल्या पिंपातलं पाणी उकळलेलं नाही, पोरांना देऊ नका. बाया हसत होत्या. एकजण मला म्हणाली, हिचं हे असंच, हिला पाण्याचं खूळ आहे. जाईल तिथं स्वतःचा तांब्या, स्वतःची चूल.

माझ्या अंगात तिडीक गेली. खरं सांगते, दया नाही, तिडीक. ही इथं कशाला आली? हिनं मला बघायला नको होतं.

तिनं बघितलं. हातातलं सूप खाली ठेवून उठली आणि मला हाताला धरून मांडवाच्या कडेला घेऊन गेली. मला वाटलं, आता चार माणसांत माझे वाभाडे काढणार. मी उत्तरं जुळवायला लागले. तीच जुनी.

"आक्का," ती म्हणाली, "लय इचार केला मी. इतकी वर्सं तेवढंच केलं. तुमी सांगितलंच असंल."

मी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आत्याबाई खोटं कशाला बोलतील? तुमी तरी कशाला? एवढी मानसं म्हनत्यात त्ये काय उगं? मीच रागाच्या भरात कान दिला नसंल. मग तापात ध्यानातनं गेलं असंल. मला तर आता सपनात बी दिसतं — तुमी दारात हुबं हाय, मला सांगताय, आन् मी राख घेऊन घासतीया. तुमचं तोंड हालतंय, पर मला ऐकू येत न्हाई." तिचे डोळे कोरडे होते. "मीच घालवलं त्यांस्नी. आन् वर तुमाला खोटं पाडत हुते, सगळ्यांदेखत. माफ करा मला."

आणि ती वाकली. मांडवात, माणसांच्या येण्याजाण्यात, तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी दारात उभी होते, एवढं खरं होतं. तोंड हललं नव्हतं. हे तिला मी सोडून जगात कोण सांगणार होतं? तेव्हा आत्याबाई वारल्या होत्या. माझं बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोरीही मांडवात होत्या, नवराही तिथंच असेल कुठंतरी — म्हणून गप्प बसले, असं म्हणणार नाही. ऐकू जाईल इतकं जवळ कुणी नव्हतं. आम्ही दोघीच होतो.

मी खाली वाकले. तिला खांद्याला धरून उठवलं. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे, हौसा," मी म्हणाले. "माझ्या मनात काय न्हाई."

तिचा चेहरा सैल पडला. ती माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी राहिली, आणि मग परत आपल्या सुपाकडं गेली. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, आपणच नवऱ्याला मारलं असं मानून जगली, आणि तसंच मानून मेली.

मी तिला माफ केलं होतं.